बागेतल्या लिनक्सला सिरीयल मोडेमवरून डायल करून नेट जोडायचं, बैजवार

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, इकडं सांगली जिल्ह्यात द्राक्षबागेत हवामान केंद्र बसवायचं म्हटलं की अडचण सेन्सरची कधीच नसते, अडचण असते नेटची. तापमान, आर्द्रता, पानांचा ओलावा मोजणारे सेन्सर सहज मिळतात, ते वाचायला रास्पबेरी पाय सारखा छोटा लिनक्स बोर्ड पुरतो, पण फळछाटणीनंतर डाऊनीच्या (द्राक्षाच्या पानावरचा बुरशीजन्य रोग) दिवसांत पान रात्रभर किती तास ओलं राहिलं हा आकडा पहाटे घरी पोचला तरच त्याचा उपयोग, कारण आज औषध मारायचं का थांबायचं हे त्याच्यावरच ठरतं. घर मळ्यातच असेल आणि वायफाय बागेपर्यंत पोचत असेल तर तेच वापरा, यात पडू नका. बाग लांब आहे, लाईट आठ तास, बोर्ड सोलरवर चालतोय आणि कनेक्शन महिनोन्महिने कुणी हात न लावता चाललं पाहिजे, अशांसाठी हे लिहितोय.

पद्धत जुनीच आहे. आपल्याकडं व्हीएसएनएलनं (विदेश संचार निगम) १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोडेमनं फोन लावून पीपीपीवर (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, दोन टोकं थेट जोडून नेट चालवायची पद्धत) कनेक्ट व्हायचं जे होतं तेच हे, पीपीपीचं आजही चालू असलेलं मुख्य स्टँडर्ड १९९४ चं आहे, आरएफसी १६६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं). मोडेमशी बोलायच्या एटी कमांड त्याच्याही आधीच्या, हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासूनच्या. आणि आजचं फोरजी मोड्यूल (सिम घालायचं छोटं मोडेम) सुद्धा सिरीयल लाईनवर त्याच एटी कमांडला उत्तर देतं. म्हणून मला हे फार आवडतं, कुठल्या कंपनीचं ॲप नको, ड्रायव्हरची सीडी नको, बोर्ड कुठलाही असो मोड्यूल कुठलंही असो, सिरीयल पोर्ट असला आणि युनिक्स सारखी सिस्टीम असली की पीपीपीडी (पीपीपीची लिंक सांभाळणारा) आणि चॅट (मोडेमला एटी कमांड देऊन डायल करणारा) या दोन प्रोग्रॅमवर काम होतं.

एक सूचना, खाली कमांड आणि फाईलची नावं देवनागरीत आहेत, टाईप करताना रोमन अक्षरात टाकायची, लिनक्सच्या स्मॉल (फक्त टीटीवाययूएसबी मधलं यूएसबी आणि मोडेममॅनेजर मधले दोन्ही एम कॅपिटल), मोडेमच्या आणि चॅट फाईलमधल्या कॅपिटल, एपीएन तेवढा स्मॉल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या झाडाला ठिबकचं पाणी येत नसलं तर आपण मोटरपासून बघत जातो, फिल्टर, व्हॉल्व्ह, सबमेन, मग लॅटरल, तसंच हे बघायचं. तार, मग एटीला ओके, मग सिम, मग टॉवर, मग डायल, मग पीपीपी, मग आयपी, मग डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सोय). मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. बहुतेक पोरं डायरेक्ट कुठूनतरी कॉन्फिग फाईल आणून टाकतात आणि चाललं नाही की तीच फाईल बदलत बसतात, आणि प्रॉब्लेम असतो पॉवर सप्लायचा.

पॉवरचंच आधी घेऊ. मोड्यूल एरवी गप असतं तेव्हा करंट फार घेत नाही, पण टॉवरशी बोलताना क्षणभर जोरात ओढतं, सिम८०० सारख्या टूजी मोड्यूलला त्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत लागतात. बोर्डाच्या पिनवरून पॉवर दिली किंवा बारीक लांब वायर वापरली तर व्होल्टेज बसतं आणि मोड्यूल नेमकं डायल करतानाच रीस्टार्ट होतं. लक्षण ओळखायला सोपं आहे, एटीला ओके येतं, सिग्नल पण दाखवतं, आणि डायल केलं की सगळं गायब. मोड्यूलला वेगळा सप्लाय द्या, वायर जाड आणि आखूड ठेवा, मोड्यूलच्या पिनांजवळ मोठा कपॅसिटर टाका, आणि ग्राउंड मात्र बोर्डाचा आणि मोड्यूलचा एकत्र जोडा, तो राहिला तर सिरीयलवर कचरा अक्षरं दिसतात.

मोड्यूल घेताना अजून एक बघा. जिओला टूजी नाहीच, त्यामुळं स्वस्तातलं सिम८०० किंवा सिम९०० घेऊन त्यात जिओचं सिम टाकलं तर ते आयुष्यात रजिस्टर होणार नाही. नवीन घेताय तर फोरजी घ्या, सिम७६०० किंवा क्वेक्टेलचं ईसी२५, थोडे जास्त पैसे जातील पण पुढची काळजी नको. आणि बागेत कुठल्या कंपनीची रेंज आहे ते आधी फोन घेऊन मांडवाखाली उभं राहून बघा, बांधावर उभं राहून नाही, पानं भरल्यावर आतली परिस्थिती वेगळी असते.

जोडणी. मोड्यूल यूएसबीनं लावलं तर एकाच मोड्यूलचे चार-पाच सिरीयल पोर्ट दिसतात, टीटीवाययूएसबी० पासून पुढं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं, सिम७६०० ला साधारण २ नंबर एटी कमांडसाठी आणि ३ नंबर पीपीपीसाठी. थेट पिनांवर जोडलं तर टीएक्स (पाठवायची पिन) आरएक्सला (घ्यायची पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, जुनं डीबी९ वालं मोडेम असेल तर त्याच्या आरएस२३२ लाईनवर बारा-पंधरा व्होल्टपर्यंत जातात, मध्ये मॅक्स३२३२ ची चिप घातल्याशिवाय जोडलात तर बोर्ड जळेल. पायवर आणखी दोन गोष्टी, रास्पी-कॉन्फिग मध्ये जाऊन सिरीयलवरचा लॉगिन कन्सोल बंद करा आणि सिरीयल हार्डवेअर चालू ठेवा, आणि पाय ३ किंवा ४ असेल तर चांगला यूएआरटी (सिरीयल पोर्टचं हार्डवेअर) ब्लूटूथनं घेतलेला असतो, ब्लूटूथ लागत नसेल तर बूटच्या कॉन्फिग फाईलमध्ये डिसेबल-बीटी चा ओव्हरले टाकून तो परत घ्या.

तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये टाका, डेबियन घराण्यात हाच ग्रुप असतो, आर्चवर यूयूसीपी. ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर परमिशन डिनाईड येतच राहतं. आणि मोडेममॅनेजर नावाची सर्व्हिस चालू असेल तर ती सिस्टीमसीटीएल नं स्टॉप आणि डिसेबल करून टाका, ती पोर्ट दिसला की स्वतःहून एटी कमांड पाठवत बसते आणि आपल्या चॅटच्या मध्ये तोंड घालते. आपण सगळं हातानं करतोय तर तिची गरज नाही.

आता पिकोकॉम किंवा मिनिकॉम (सिरीयल पोर्टवर हातानं टाईप करायचे प्रोग्रॅम) टाका आणि पोर्ट ११५२०० स्पीडनं उघडा. एटी टाईप करा, एंटर. ओके आलं पाहिजे. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स उलट करून बघा, वेडीवाकडी अक्षरं आली तर स्पीड बदलून बघा. ओके आल्यावर या ओळी एकेक करून टाका, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा, पुढं कामाला येतं:

एटी+सीपीआयएन?
एटी+सीएसक्यू
एटी+सीआरईजी?
एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","एपीएन"

पहिलीचं उत्तर रेडी आलं पाहिजे, सिम पिन असं आलं तर ते सिम एखाद्या फोनमध्ये घालून पिन लॉक काढून आणा. दुसरी सिग्नलची, ० ते ३१ आकडा येतो, ० म्हणजे उणे ११३ डीबीएम किंवा त्याहून कमी, ३१ म्हणजे उणे ५१ किंवा जास्त, मधला प्रत्येक आकडा २ डीबीएमचा, आणि ९९ आलं तर मोड्यूलला काहीच कळत नाहीये. माझ्या मते १० च्या खाली असेल तर पुढं जाऊच नका, आधी अँटेना बघा. तिसरीत स्वल्पविरामानंतर १ आलं तर रजिस्टर झालंय, ५ आलं तर रोमिंगवर रजिस्टर झालंय, ते पण चालतं, २ म्हणजे अजून शोधतंय, ३ म्हणजे नेटवर्कनं नाकारलंय. फोरजी मोड्यूलवर सीआरईजी ऐवजी सीईआरईजी विचारा, डेटाचं खरं उत्तर तिथं मिळतं. चौथीत एपीएन या शब्दाच्या जागी तुमच्या कंपनीच्या डेटा नेटवर्कचं नाव टाकायचं, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट.

तात्यांच्या बागेत, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, बोर्डाची पेटी मांडवाच्या खांबाला छातीच्या उंचीवर लावली होती, छाटणी झाल्यावर तिथं सीएसक्यू १४ यायचा आणि सगळं छान चालायचं. पुढं पानं भरली, आकडा ७ वर आला आणि लिंक पहाटेच तुटायला लागली, म्हणजे दव पडल्यावर, नेमकं जेव्हा पानाच्या ओलाव्याचा आकडा पाहिजे तेव्हाच. तात्या म्हणाले अरे टीव्हीचा अँटेना जसा पाईपवर लावायचो तसा लाव की वर. जीआय पाईप घेतला, बाहेरची अँटेना मांडवाच्या वर पाच-सहा फूट नेली, केबल शक्य तितकी आखूड ठेवली, जोडाला पाणी जाऊ नये म्हणून सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळली, आकडा १९ वर गेला. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदललं नाही.

एवढं झालं की त्याच पिकोकॉम मध्ये हातानं डायल करा, एटीडी*९९# टाकून एंटर. जुन्या काळी इथं प्रोव्हायडरचा फोन नंबर असायचा, आता हा नंबर कुणाला लागत नाही, तो फक्त मोड्यूलला सांगतो की डेटा सुरू कर. काही मोड्यूलला *९९***१# लागतं, शेवटचा १ म्हणजे वर सीजीडीसीओएनटी मध्ये दिलेला प्रोफाईल नंबर. उत्तरात कनेक्ट आलं आणि पाठोपाठ महिरपी कंस आणि वाकडीतिकडी चिन्हं पडायला लागली की समजा पीपीपी सुरू झालंय, ती चिन्हं म्हणजे समोरून आलेली एलसीपीची (पीपीपीची सुरुवातीची बोलणी करणारा भाग) पाकिटं. नो कॅरियर आलं तर एपीएन, रिचार्ज किंवा रजिस्ट्रेशन परत बघा. बाहेर पडायला एक सेकंद काही टाईप न करता थांबा, तीन वेळा अधिक चिन्ह दाबा, परत एक सेकंद थांबा, ओके येईल, मग एटीएच. तो सेकंदाचा थांबा नसला तर मोडेम ती चिन्हं डेटा समजतो.

हातानं जे केलं तेच आता चॅटला शिकवायचं. चॅटची फाईल म्हणजे जोड्या, आधी काय यायची वाट बघायची, मग काय पाठवायचं. /ईटीसी/चॅटस्क्रिप्ट्स/बाग नावाची फाईल करा:

अबॉर्ट 'नो कॅरियर'
अबॉर्ट 'बिझी'
अबॉर्ट 'एरर'
टाईमआउट ३०
'' एटी
ओके एटीझेड
ओके 'एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","एअरटेलजीपीआरएस.कॉम"'
ओके एटीडी*९९#
कनेक्ट ''

सीजीडीसीओएनटीच्या ओळीला बाहेरून सिंगल कोट आहेत ते विसरू नका. खऱ्या फोन लाईनवर जुनं मोडेम लावत असाल तर सीजीडीसीओएनटीची ओळ काढा, नो डायलटोनचा पण एक अबॉर्ट टाका आणि टाईमआउट ६० करा, त्या मोडेमना एकमेकांशी सूर जुळवायला वेळ लागतो.

मग पीपीपीडीची फाईल, /ईटीसी/पीपीपी/पीअर्स/बाग. पहिल्या ओळीत पोर्ट, दुसऱ्या ओळीत ११५२००, तिसरीत कनेक्ट शब्द आणि कोटात /यूएसआर/एसबिन/चॅट -व्ही -एफ आणि वरच्या फाईलचा पत्ता, त्याखाली एकेका ओळीत हे पर्याय: नोऑथ, लॉक, डिफॉल्टरूट, यूजपीअरडीएनएस, नोआयपीडिफॉल्ट, आयपीसीपी-ॲक्सेप्ट-रिमोट, नोसीसीपी, पर्सिस्ट, मॅक्सफेल ०, होल्डऑफ ३०, आणि चाचणी होईपर्यंत डीबग आणि नोडिटॅच.

यातले तीन नीट समजून घ्या. नोऑथ म्हणजे समोरच्यानं आपल्याला ओळख पटवून द्यायची गरज नाही, आपण त्याला द्यायची असेल तर ती वेगळी, त्यासाठी युजर पर्याय आणि पॅप-सीक्रेट्स फाईल, परमिशन ६०० ठेवून. मोबाईल डेटाला बहुतेक वेळा युजर पासवर्ड काहीच लागत नाही. पर्सिस्ट म्हणजे लिंक तुटली की परत डायल कर, पण मॅक्सफेल ० दिलं नाही तर दहा वेळा लागोपाठ फेल झाल्यावर पीपीपीडी बंद होतो, रात्री टॉवर तासभर गेला की तुमची बाग सकाळी ऑफलाईन. होल्डऑफ ३० म्हणजे दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांब.

आणि फ्लो कंट्रोल, म्हणजे बोर्ड आणि मोड्यूलनं एकमेकांना थांब-पाठव सांगणं. त्यासाठीच्या आरटीएस सीटीएसच्या तारा खरोखर जोडल्या असतील तरच सीआरटीएससीटीएस लिहा. तीनच तारा असतील तर नोसीआरटीएससीटीएस आणि लोकल हे दोन लिहा, नाहीतर पीपीपीडी न जोडलेल्या तारांची वाट बघत राहतो. तीन तारांत डीटीआर (बोर्ड तयार आहे हे मोडेमला सांगणारी तार) पण नसते, म्हणून पीपीपीडी मेला तरी मोड्यूलला ते कळत नाही, ते डेटा मोडमध्येच अडकून राहतं आणि पुढच्या वेळी एटीला ओके देत नाही. त्यावर उपाय चॅट फाईलमध्येच आहे, रिकाम्या कोटानंतरच्या पहिल्या एटीच्या आधी एक जोडी घाला जी दोन सेकंद थांबून तीन अधिक चिन्हं पाठवेल, बॅकस्लॅश डी म्हणजे एक सेकंद थांब, बॅकस्लॅश सी म्हणजे शेवटी एंटर पाठवू नको. त्यानंतर अजून एक जोडी जी दोन सेकंद थांबून एटीएच पाठवते.

आता सुडो पॉन बाग (पॉन लिंक जोडतं, पॉफ तोडतं). नोडिटॅच दिलंय म्हणून सगळं समोरच छापून येईल, चॅटचा भाग मात्र जर्नलमध्ये बघा, जर्नलसीटीएल -टी चॅट. आधी चॅटच्या ओळी, मग सिरीयल कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, मग यूजिंग इंटरफेस पीपीपी०, मग सेंट आणि आरसीव्हीडी अशा ओळींच्या जोड्या आणि शेवटी लोकल आयपी ॲड्रेस. ही सेंट आणि आरसीव्हीडीची जुगलबंदी नीट वाचायची सवय लावा, सगळं तिथंच कळतं. नुसत्याच सेंटच्या ओळी आणि एकही आरसीव्हीडी नाही म्हणजे तुम्ही चुकीच्या पोर्टवर आहात किंवा मोड्यूल डेटा मोडमध्ये गेलंच नाही. लाईन लूप्ड बॅक आहे असं आलं तर समोरून तुमचीच पाकिटं परत येतायत, म्हणजे समोर पीपीपी नसून एको चालू असलेला एटी मोड आहे. पीपीपीडी बंद होताना एक्झिट कोड देतो तो पण बघा, ७ म्हणजे पोर्ट उघडला नाही, ८ म्हणजे चॅट फेल, १० म्हणजे पीपीपीची बोलणी फिसकटली, १५ म्हणजे समोरचा लिंक जिवंत आहे का विचारणाऱ्या एलसीपी एकोला उत्तर देईना, १६ म्हणजे मोडेमनं लाईन सोडली, १९ म्हणजे ऑथेंटिकेशनला नकार.

आयपी आला की पिंग ८.८.८.८ करा, मग एखाद्या नावाला पिंग करा. आकड्याला जातंय आणि नावाला जात नाही तर डीएनएस, /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये आलेले सर्व्हर तुमची सिस्टीम खरंच वापरतेय का ते तपासा. आकड्याला पण जात नाही तर आयपी रूट टाकून डिफॉल्ट रूट पीपीपी० वर आहे का बघा, आधीच वायफायचा किंवा इथरनेटचा डिफॉल्ट रूट असेल तर पीपीपीडी त्याला हात लावत नाही, घरी टेबलावर चाचणी करताना हे हमखास होतं.

सगळं चाललं की डीबग आणि नोडिटॅच काढून टाका, आणि एलसीपी-एको-इंटरव्हल ३० आणि एलसीपी-एको-फेल्युअर ४ घाला, म्हणजे लिंक वरून जिवंत आणि आतून मेलेली असली तर दोन मिनिटांत कळतं आणि परत डायल होतं. काही मोड्यूल या एकोला उत्तरच देत नाहीत, मग चांगली लिंक दर दोन मिनिटांनी तुटते, तसं दिसलं तर इंटरव्हल ० करा आणि त्याऐवजी क्रॉनमध्ये (ठराविक वेळी कमांड चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी पिंग करून बघणारी, लागला नाही तर पॉफ-पॉन करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. मी दोन्ही ठेवतो. यूएसबीवर असाल तर पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी३ असं न लिहिता /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी मधलं लांबलचक नाव लिहा, मोड्यूल रीस्टार्ट झालं की नंबर बदलू शकतात, हे नाव बदलत नाही. बूट झाल्यावर आपोआप सुरू व्हायला सिस्टीमडीची एक साधी सर्व्हिस करा, त्यात मात्र पॉन ऐवजी पीपीपीडी कॉल बाग नोडिटॅच आणि रीस्टार्ट ऑल्वेज.

ज्यांच्याकडं लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली सिस्टीम आहे त्यांना सगळं हेच, फक्त पोर्टचं नाव सीयूएयू० असं आणि प्रोग्रॅम पीपीपी नावाचा, कॉन्फिग /ईटीसी/पीपीपी/पीपीपी.कॉन्फ मध्ये, डायलची ओळ त्याच फाईलमध्ये सेट डायल नं लिहायची.

स्पीडची अपेक्षा माफक ठेवा. ११५२०० वर एका बाईटला १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला साडेअकरा किलोबाईटच्या आसपास, मोड्यूल फोरजी असलं तरी थेट पिनांवरच्या जोडणीत यापेक्षा जास्त मिळणार नाही. दर पंधरा मिनिटांनी चार आकडे पाठवायला हे भरपूर आहे. पण बोर्ड स्वतःहून अपडेट डाऊनलोड करायला लागला तर लाईन तासन्‌तास भरून जाते, अनअटेंडेड-अपग्रेड्स बंद करा आणि अपडेट घरी आणून करा.

बाहेरून बोर्डात लॉगिन करायचं असेल तर मोबाईल कंपनी बहुतेक वेळा खाजगी आयपी देते, १०. किंवा १००.६४ पासून सुरू होणारा, त्यावर बाहेरून कुणी येऊ शकत नाही. म्हणून बोर्डानंच बाहेर कनेक्शन काढायचं, वायरगार्ड किंवा एसएसएचचा रिव्हर्स टनेल, आणि आकडे सुद्धा बोर्डानं ढकलायचे, आपण मागायला जायचं नाही. रास्पबेरी पायला पाय ४ पर्यंत स्वतःचं घड्याळ नाही, लाईट जाऊन आली की वेळ मागं पडते आणि सर्टिफिकेट तपासणी फेल होऊन एचटीटीपीएसवरचं पाठवणं अडतं, त्यामुळं /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डी मध्ये एक स्क्रिप्ट टाकून लिंक आली की आधी वेळ जुळवून घ्या, मगच आकडे पाठवा. नेट नसताना जमलेले आकडे फाईलमध्ये साठवून लिंक आल्यावर वेळेसकट पाठवा, कारण पान ओलं झालं कधी आणि वाळलं कधी हे कळलं नाही तर तात्यांना तो आकडा बघून काहीच ठरवता येत नाही. सिमच्या रिचार्जची तारीख मात्र स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरला लावून ठेवा, फळछाटणी ते घड काढणी या काळात ती संपता कामा नये.